खंडो बल्लाळांची साक्ष

मल्हार रामराव चिटणीसांनी लिहिलेले थोरल्या शाहू महाराजांचे चरित्र आपण इतिहासाचे साधन म्हणून चाळतो, तारखा चुकल्या की झोडपतो आणि बाजूला ठेवतो. त्यातले कथन कसे रचले आहे, इकडे सहसा लक्ष जात नाही. येथे मला त्यातला एकच प्रसंग तपासावयाचा आहे.

१७०७ च्या मे महिन्यात शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले. ताराबाईंनी त्यांना तोतया ठरविले, सरदारांकडून दूधभाताची शपथ घेवविली असे परंपरा सांगते, आणि सेनापती धनाजी जाधव व परशुरामपंत प्रतिनिधी यांना त्यांच्यावर धाडले. ऑक्टोबरात भीमेकाठी खेडला गाठ पडली. धनाजी शाहूंना मिळाले. प्रतिनिधी एकटे पडून साताऱ्याकडे हटले.

शपथ वाहिलेला सेनापती ऐन रणात पक्ष बदलतो, याला मराठीत एकच शब्द आहे. बखर तो जवळ येऊ देत नाही. खंडो बल्लाळ शाहूंच्या गोटात जाऊन पाहून येतात, हे संभाजी महाराजांचेच पुत्र अशी खात्री देतात, आणि निष्ठेचा प्रश्न नकळत ओळखीचा होऊन बसतो. मनुष्य खरा ठरला की शपथच खोटी पडते. धनाजी फितूर न ठरता स्वगृही परतलेले ठरतात. युक्ती मोठी नामी! पण हे खंडो बल्लाळ कोण? बखरकाराचे पूर्वज. आणि बखर लिहविली कोणी? साताऱ्याच्याच गादीवरील धाकट्या शाहू महाराजांनी. साक्षीदार, वकील आणि पक्षकार सारे एकाच वाड्यातले.

म्हणून बखर खोटी, असे माझे म्हणणे नाही. जिंजीहून राजाराम महाराजांची सुटका व्हावी म्हणून आपल्या वतनावर पाणी सोडल्याची ज्यांची ख्याती, ते खंडो बल्लाळ लोभाने गेले असतील असे मन घेत नाही. मात्र ओळखीची ही कसोटी पुढे कोठेच लागू पडत नाही. धनाजींचे पुत्र चंद्रसेन शाहूंचेच सेनापती. १७११ साली हरणाच्या शिकारीवरून बाळाजी विश्वनाथांशी बिनसले आणि ते ताराबाईंकडे, पुढे निजामाकडे गेले. शाहू खरे की तोतये, ही शंका त्यांना थोडीच होती! कान्होजी आंग्रे १७१४ मध्ये वळले ते किल्ल्यांचा तह पक्का झाल्यावर. आणि ताराबाईंनी ज्या रामराजाला नातू म्हणून पुढे केले, त्यालाच १७५० मध्ये तोतया म्हटले.

बखरीत मला खटकते ते धनाजींचे हरवणे. वर्षानुवर्षे मोगलांशी झुंजत असलेल्या घराण्याची बाजू सोडताना या म्हाताऱ्या सेनापतीला काय वाटले? त्याचे मन दुसऱ्याच्या निरोपाने ठरवून बखरकार मोकळा होतो. शपथ पाळणारे परशुरामपंत मात्र कैदेत गेले, पुढे शाहूंचेच प्रतिनिधी झाले. त्यांचे एक पुत्र साताऱ्यास राहिले, दुसरे कोल्हापूरकरांकडे.