बिबट्या ‘शिकला’ असं म्हणण्याआधी

पेट किंवा नेट-सेटची तयारी करताना अध्ययनाचं प्रकरण तुम्ही पाठ केलंच असणार. पावलॉव्हचा कुत्रा, स्किनरचा उंदीर, बांडुराची बोबो बाहुली. अभिजात अभिसंधान, साधक अभिसंधान, निरीक्षणातून अध्ययन. पर्याय निवडायचा, गुण घ्यायचे, पुढे जायचं. पण प्रत्यक्ष संशोधनाला बसलात की हेच प्रकरण गोत्यात आणतं. कारण ‘शिकला’ हे क्रियापद फार सोयीचं आहे, कुठल्याही वागण्याला चिकटवता येतं.

उदाहरण आपल्या दाराशीच आहे. मी मीरा रोडला राहते. शहराची पूर्वेची कड, म्हणजे काशीमीरा-घोडबंदरचा पट्टा, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. त्यामुळे बिबट्या दिसला की इथे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात : ‘त्याला चटक लागलीय’ आणि ‘पिंजरा लावा, लांब सोडून या’. पहिलं वाक्य म्हणजे घरगुती भाषेतला अध्ययनाचा सिद्धांत, दुसरा त्यावरचा उपाय. हा उपाय जुन्नरमध्ये मोठ्या प्रमाणावर करून झालाय आणि त्यावर एक महत्त्वाचा अभ्यासही आहे. आज तो नीट वाचू.

विद्या अत्रेय, मॉर्टेन ओडेन, जॉन लिनेल आणि उल्लास कारंथ यांचा हा शोधनिबंध २०११ साली ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात आला. जुन्नर वनविभागात उसाच्या शेतांत बिबटे राहतात, तिथेच पिल्लं वाढवतात. २००१पासून तिथले बिबटे मोठ्या संख्येने पकडून जंगलात सोडायला सुरुवात झाली. त्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. २००१ ते २००३ मध्ये ही सरासरी १७ झाली. निबंध याला ३२५ टक्के वाढ म्हणतो. इथे एक क्षण थांबा आणि आकडा स्वतः करून बघा : वाढ १३ची, मूळ ४, म्हणून ३२५ टक्के. म्हणजे हल्ले सव्वाचारपट झाले, ‘सव्वातीनपट’ नाही. दुसऱ्याचा आकडा उचलण्याआधी तो एकदा कागदावर मांडायची सवय लावून घ्या.

निबंधाची ताकद कशात आहे? नुसत्या ‘आधी-नंतर’च्या तुलनेत नक्कीच नाही. एका बाजूला आठेक वर्षं, दुसऱ्या बाजूला जेमतेम दोन-तीन. तेवढ्यात ऊस वाढला असेल, बिबटे वाढले असतील, हल्ल्यांची नोंद चोख होऊ लागली असेल. या सगळ्या शंका रास्त आहेत. पण लेखकांनी हल्ल्यांच्या जागाही तपासल्या. बिबटे जिथे सोडले त्या परिसरात हल्ले जास्त होते. ऊस काही फक्त सोडण्याच्या जागांजवळ वाढत नाही, त्यामुळे दुसऱ्या स्पष्टीकरणांचा जोर इथे बराच कमी होतो. ‘स्थलांतराने हल्ले वाढले’ हे विधान मला म्हणूनच पटतं.

माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. हा अभ्यास चर्चासत्रांत, बातम्यांत, विद्यार्थ्यांच्या प्रस्तावांत येतो तेव्हा त्याचं वाक्य बदलतं : ‘पकडलेले बिबटे माणसाची भीती विसरले आणि हल्ला करायला शिकले.’ बघा, काय झालं? धोरणाच्या परिणामाबद्दलचं विधान प्राण्याच्या मनाबद्दलचं झालं. पहिल्याला पुरावा आहे, दुसऱ्याला वेगळा पुरावा लागेल.

समजा, पुस्तकातला सिद्धांत घेऊन आधीच भाकीत करायला बसलो. बिबट्या पिंजऱ्यात अडकतो, भोवती गर्दी, आरडाओरडा, दुखापत. अभिजात अभिसंधानाच्या हिशेबाने माणसाचा वास आणि आवाज भीतीशी जोडला जायला हवा. म्हणजे सुटल्यावर बिबट्याने माणूस टाळायला हवा आणि हल्ले कमी व्हायला हवेत! प्रत्यक्षात ते वाढले. मग आपण म्हणणार, ‘माणसाला सरावला.’ हल्ले घटले असते तर म्हणालो असतो, ‘माणसाला घाबरायला शिकला.’ दोन्ही निकालांत बरोबर ठरणारं स्पष्टीकरण प्रत्यक्षात काहीच सांगत नसतं.

शिवाय शिकण्याची गरजच नसलेलं स्पष्टीकरणही उपलब्ध आहे. १९६२ साली उलरिच आणि अ‍ॅझरिन यांनी दाखवलं की, एकत्र ठेवलेल्या उंदरांना विजेचा झटका दिला की ते एकमेकांवर तुटून पडतात. वेदना आणि कोंडी यांतून थेट आक्रमकता येऊ शकते. अनोळखी मुलूख, हुकलेली शिकार, दुसऱ्या बिबट्याची हद्द, परतीच्या वाटेवरची वस्ती, यांतलं काहीही पुरेसं असू शकतं.

म्हणून कोणी ‘शिकला’ म्हटलं की तीन प्रश्न विचारा.

पहिला : वागणं बदललेला जीव तोच आहे का? अध्ययन एका जीवात घडतं, तालुक्याच्या सरासरीत नाही. हल्ला कोणत्या बिबट्याने केला हे बहुतेक वेळा ठाऊकच नसतं. ‘आजोबा’ नावाचा बिबट्या इथे आठवा. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा नर बाहेर काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. सुमारे १२० किलोमीटर चालत तो वसईच्या खाडीपलीकडच्या नागला वनक्षेत्रात, म्हणजे आमच्या शेजारीच, पोचला. तोही पकडला गेला होता, तरी वाटेत माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. एका बिबट्यावरून नियम बनत नाही, हे खरं. पण ‘पकडला की बिघडतो’ या नियमाला तो खोडा घालतो. आणि हे आपल्याला कळलं ते त्या पट्ट्यामुळे, कारण जीव कोणता ते माहीत होतं.

दुसरा : नुसतं एकामागोमाग घडलं की एकावर दुसरं अवलंबून होतं? रेस्कोर्लाने १९६८ मध्ये उंदरांवर दाखवलं की आवाज आणि झटका सोबत येणं पुरत नाही. आवाज नसतानाही झटका तितकाच येत असेल, तर उंदीर आवाजाला घाबरत नाही. तेव्हा ‘पिंजऱ्यानंतर हल्ला’ मोजताना ‘पिंजऱ्याशिवाय हल्ला’ही मोजावा लागतो.

तिसरा : शिकणं आणि करून दाखवणं यांत फरक केलाय का? बांडुराच्या १९६५च्या प्रयोगात, बाहुलीला मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी त्याची नक्कल कमी केली. पुढे बक्षीस देऊ केल्यावर मात्र तीही इतरांइतकीच नक्कल करू शकली. म्हणजे शिकली सगळीच होती, दाखवत नव्हती. परीक्षेत आपण बोबो बाहुली लिहितो आणि नेमका हाच निष्कर्ष गाळतो. आईमागे फिरणारं बिबट्याचं पिल्लू काय शिकलंय, हे त्याच्या आजच्या वागण्यावरून पूर्ण कळत नाही, ते याचमुळे.

आता हीच फूटपट्टी आपल्यावर लावू. सोसायटीत बिबट्या दिसतो, लोक घाबरतात, पिंजऱ्याची मागणी होते. बिबट्या फिरस्ता, बहुधा आपणहून निघून जातो. भीती ओसरते आणि श्रेय पिंजऱ्याला मिळतं. पुढच्या वेळी मागणी आणखी लवकर होते. शेजारची सोसायटी हे मोबाइलवर बघते आणि तीही तेच करते. स्किनरने १९४८ मध्ये कबुतरांना ठरावीक वेळाने आपोआप दाणे दिले, तर बहुतेक कबुतरं दाणा येताना योगायोगाने जे करत होती तेच पुन्हा पुन्हा करू लागली. त्याने याला अंधश्रद्धा म्हटलं. आपली पिंजऱ्याची मागणी याच जातीची असावी, असा माझा अंदाज आहे.

पण अंदाजच! त्यालाही तेच तीन प्रश्न लागू आहेत. तक्रार त्याच सोसायटीतून पुन्हा येते का? पिंजरा न लावताही बिबट्या तितक्याच दिवसांत दिसेनासा होतो का? मागणी न करणारे शांत आहेत, की बघून शिकलेत आणि वेळेची वाट बघतायत? तारीखवार तक्रारी आणि त्यानंतरच्या दर्शनांच्या नोंदी जुळवल्या तर याची उत्तरं मिळू शकतात. विषय शोधत असाल तर हा घ्या.

पर्यावरण मंत्रालयाच्या २०११च्या मार्गदर्शक सूचनांचा भर बिबटे उचलून दुसरीकडे सोडण्यावर नाही, किंबहुना तसं करणं टाळावं असाच आहे. तरी मागणी थांबलेली नाही. जुन्नरमध्ये या समजुतीची किंमत माणसांनी जिवाने मोजली आणि बिबट्यांनीही भोगली. म्हणून प्रस्तावात ‘शिकला’ लिहिताना जरा हात आखडा. कोण शिकला, काय शिकला आणि न शिकताही हे घडलं असतं का, एवढं लिहिता आलं तरच तो शब्द ठेवा. नाहीतर सरळ ‘वागणं बदललं’ लिहा.