टॅच आणि टाचणी

१६११ च्या इंग्रजी बायबलात ‘टॅच’ असा एक शब्द आहे. अर्थ, अडकवण्याचा आकडा. आपल्याकडचा हौशी व्युत्पत्तिकार तो पाहताच ‘टाचणी’ पुढे करील आणि इंग्रजांनी शब्द आपल्याकडून नेला, असा निकालही देईल. कानाच्या भरवशावर केलेल्या या व्युत्पत्तीला माझा आक्षेप आहे, आणि तो तपासायला बंद, फास, आकडे यांची नावे फार सोयीची पडतात.

‘टॅच’ फ्रेंचमधून आला. ‘अटॅच’ हा त्याच्याच कुळातला. क्षणभर तो मूळचा जर्मानिक धरला, तरी इंग्रजी ‘ट’समोर संस्कृतात ‘द’ हवा: दश–टेन, दन्त–टूथ. टाचणीचा ‘ट’ तेथे बसत नाही.

कानाने इंग्रजांनाही फसवले आहे. त्याच बायबलात बाप्तिस्मा करणारा योहान पादत्राणाच्या ‘लॅचेट’विषयी बोलतो. वाचकाला दाराची ‘लॅच’ आठवते आणि लॅचेट म्हणजे छोटी खिट्टी वाटते. पण लॅच आली ‘पकडणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून. लॅचेटच्या मुळाशी लॅटिन ‘लाक्वेउस’ म्हणजे फास आहे; बुटाची ‘लेस’ आणि गुरे पकडण्याचा ‘लासो’ ही त्याची भावंडे. मराठी बायबलातला ‘बंद’ मला येथे अधिक नेमका वाटतो. ‘आउच’ची गंमत आणखी वेगळी. तो मुळात ‘नाउच’, म्हणजे वस्त्र अडकवण्याचा दागिना. ‘अ नाउच’चे ‘अन आउच’ झाले आणि ‘न’ उपपदाला जाऊन चिकटला. आज टाचणी टोचल्यावर निघणाऱ्या उद्गाराशी त्याचा काहीही संबंध नाही. (तसा जोडणारे भेटतील!)

१८८५ च्या सुधारित आवृत्तीने ‘टॅच’ काढून ‘क्लास्प’ घातला. ही सुधारणा मला पटत नाही. ‘क्लास्प’मध्ये मिठी आहे, दोन बाजू एकमेकींना धरतात. निर्गमाच्या २६ व्या अध्यायातल्या मंडपात मात्र पडद्यांच्या काठांना समोरासमोर पन्नास-पन्नास फासे आहेत आणि त्यांना जोडणारे सोन्याचे पन्नास आकडे. मूळ हिब्रू ‘केरेस’ वाकण्याच्या धातूशी जोडला जातो. वाकवलेला आकडा दोन फाशांत अडकतो, येथे मिठी कुठली? शब्द सोपा झाला, पण वस्तू हरवली.

‘बंद’ आणि इंग्रजी ‘बाइंड’ यांचे नाते मात्र खरे आहे. ‘बंद’ आपल्याकडे फारसीतून आला, आणि फारसी, संस्कृत, इंग्रजी तिन्हींचे मूळ एक. पण हेही ‘ब’ला ‘ब’ जुळला म्हणून नव्हे. इंग्रजी ‘ब’समोर संस्कृतात ‘भ’ येतो: भ्रातृ–ब्रदर, भृ–बेअर. मग ‘बन्ध्’मध्ये ‘भ’ का नाही? एका धातूत दोन महाप्राण आले की पहिल्याचा प्राण जातो, हा नियम ग्रासमान यांनी १८६३ मध्ये मांडला. मूळच्या ‘भन्ध्’चा ‘बन्ध्’ झाला तो असा. नियम सापडला म्हणून नाते मानायचे.

आणि आपले ‘काज’? ‘कामकाजा’तले काज संस्कृत ‘कार्या’चे. सदऱ्याचे काज पोर्तुगीज ‘काझा’चे, म्हणजे घराचे; पोर्तुगीजमध्ये बटणाच्या भोकाला घरच म्हणतात. दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरील १९१३ च्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. उच्चार एक, घराणी दोन.