मियाँ कविता : शिवीची ओळख

आसामात ‘मियाँ’ ही बंगाली मुळाच्या मुसलमानांना दिली जाणारी शिवी. हाफिज अहमद यांनी २०१६ साली कवितेत तीच ओळख म्हणून मिरवली. महमूद दरवीश यांच्या ओळखपत्रावरील कवितेचा ठसा तिच्यावर उघड आहे. पण नागरिक नोंदवहीतला क्रमांक येतो तिथे ती अस्सल आसामची होते. २०१९ च्या यादीतून १९ लाखांवर माणसे वगळली गेली. न्यायाधिकरणापुढे आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय त्याच्यावरच! त्याच वर्षी १० कवी-कार्यकर्त्यांवर गुन्हा नोंदला गेला. बोलीत लिहिण्याला हिरेन गोहाईं यांनी घेतलेला आक्षेप मला पटत नाही. घरची भाषा एक, शाळेची दुसरी, हे आपल्यालाही नवे नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी १९५१ च्या जनगणनेत असमिया मातृभाषा लिहवली, त्यांनी दुःख बोलीत सांगितले तर असमियाचे काय बिघडते?