ट्रंकेतले दुःख

साधी पत्र्याची ट्रंक. पण तिच्यात केवढे दुःख मावते! १९४६ साली कराचीत जन्मलेल्या, फाळणीने निर्वासित झालेल्या नलिनी मालानींनी हे १९९८ साली दाखवले. पोखरणच्या अणुस्फोटांनंतरची, मंटोंच्या ‘टोबा टेक सिंग’ कथेचे स्मरण करणारी ती कलाकृती. भिंतींवर अणुबाँबची चलच्चित्रे. खाली ट्रंकांत दूरचित्रवाणीचे लहान पडदे. समोरासमोरच्या भिंतींवरील दोन स्त्रिया एकाच साडीची घडी घालू पाहतात. घडी काही जुळत नाही.

भिंतीवरचा स्फोट प्रेक्षकाला दिपवतो. पण दिपलेले डोळे रडत नाहीत. ते भरून येतात ट्रंकेपाशी. तिथे प्रचार संपतो आणि कला सुरू होते.

वाचकहो, दिवाळीसाठी माळ्यावरची ट्रंक उतरवली असेल, तर पुन्हा चढवण्यापूर्वी क्षणभर थांबा.