कलाशाळेला काम हवे

जालना जिल्ह्यातल्या मुलाने किंवा मुलीने चित्रकलेची वा डिझाइनची पदवी घ्यायचे ठरवले, की त्या निर्णयाचा पहिला अर्थ गाव सोडणे असा होतो. राज्य शासनाची कला महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तीनच शहरांत आहेत. त्यांतले सर्वांत जवळचे साठेक किलोमीटरवर. डिझाइनची वाट आणखी लांबची. ती मुंबईला आयआयटीतल्या आयडीसीकडे, अहमदाबादला एनआयडीकडे किंवा पुण्यातल्या महागड्या खासगी संस्थांकडे जाते. अंतराची अडचण खरी आहे. म्हणून जालन्यातही एक कला महाविद्यालय काढावे, असे कुणालाही सहज सुचेल. मला मात्र आजार त्याहून खोल वाटतो. महाविद्यालयाच्या भिंतींच्या आत जे शिकवले जाते आणि त्या भिंतींबाहेर माणसे जे बनवतात, विकतात, वाचतात, त्यांची गाठ कधीच सुटली आहे. ती न बांधता नवी इमारत उभी केली, तर गाव सोडायला लावणारे आणखी एक ठिकाण तेवढे वाढेल.

ही गाठ एके काळी होती, हे महाराष्ट्रातल्या कलाशिक्षणाच्या इतिहासातच दिसते. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेचा अभ्यासक्रम लंडनहून आला, शिक्षकही तिकडूनच आले. तरीही ती शाळा तगली, कारण तिच्याभोवती मुंबई बांधली जात होती. तिथले शिक्षक लॉकवुड किपलिंग यांची शिल्पे क्रॉफर्ड मार्केटवर गेली. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडी नक्षीकामात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात होता. विद्यार्थी जे शिकत होते, ते शहराला त्याच वेळी लागत होते. याच ग्रिफिथ्सनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवल्या. त्यांतल्या कितीतरी प्रतिकृती पुढे लंडनमधल्या आगीत जळाल्या, ही हळहळ वाटणारी गोष्ट. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचे हे की मराठवाड्यातल्या लेण्यांवर मुंबईचे विद्यार्थी घडले. निजामाच्या राज्यातल्या या भागातल्या मुलांना जवळपास शासकीय कला महाविद्यालय मिळायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. ते मिळाले तेव्हा अभ्यासक्रम जे. जे.च्याच वळणाचा आला. ज्या कामांमुळे तो अभ्यासक्रम मुंबईत जिवंत राहिला होता, ती कामे त्याच्यासोबत येणे शक्यच नव्हते.

त्या वळणाचा सर्वांत खालचा थर म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा. जिल्ह्यातल्या हजारो घरांत चित्रकलेशी पहिली आणि बहुधा शेवटची भेट इथेच होते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे विषय वाईट नाहीत. उलट अक्षरलेखनाचा त्यांत समावेश आहे, हे मला फार मोलाचे वाटते. पण परीक्षेला बसण्याचे मुख्य कारण दहावीचे वाढीव गुण हे झाले, की संकल्पचित्र म्हणजे ठराविक चौकटीत बसवलेली पाने-फुले एवढेच उरते. त्यात शिकवणाराही कमी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षक सांगितला तो अंशकालीन, आणि तोही शंभरपेक्षा जास्त पट असलेल्या शाळेत. मंठा, घनसावंगी किंवा जाफराबाद तालुक्यातल्या लहान गावातल्या शाळेला या अटीचा काय उपयोग? ज्या मुलाने चित्र काढणाऱ्या शिक्षकाला काम करताना कधी पाहिलेच नाही, त्याने बारावीनंतर सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन बीएफए या कलापदवीला जावे, अशी आपली अपेक्षा असते.

आता या जिल्ह्यात काय बनते ते पाहू. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली आणि जालना बियाण्यांचे शहर झाले. सळयांचे कारखाने आहेत. २०१८ पासून इथल्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी-विक्री होते. मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि मानांकन कागदावरून ग्राहकापर्यंत पोचवायचे तर त्यासाठी खूण, खोका आणि अक्षरे कुणीतरी विचारपूर्वक घडवावी लागतात. यांतले बियाण्याचे पाकीटच जरा जवळून पाहावे, कारण डिझाइनचा इतका अवघड प्रश्न शहरातल्या स्टुडिओत क्वचितच सापडेल. जून महिन्यात कृषी सेवा केंद्रात शेतकरी पाकीट हातात घेतो, तेव्हा त्याला उगवणशक्ती, शुद्धता, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख आणि मुदत हे सगळे पाहायचे असते. ते असते, पण बारीक अक्षरांत, बरेचदा इंग्रजीत, आणि टपोऱ्या बोंडांच्या रंगीत छायाचित्राच्या मागच्या बाजूला. रंगांचा घोळ त्याहून गंभीर आहे. बियाण्याच्या पिशवीवरची निळी खूणचिठ्ठी म्हणजे प्रमाणित बियाणे, म्हणजे विश्वास. हिरवी चिठ्ठी म्हणजे प्रमाणीकरण नाही, फक्त उत्पादकाने स्वतः दिलेली हमी. त्याच दुकानात, त्याच फळीवर कीटकनाशकाची बाटली असते. तिच्यावरचा निळा त्रिकोण मध्यम विषारीपणा सांगतो आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य विष. लाल सर्वांत घातक, पिवळा त्याखालचा. दोन वेगवेगळ्या कायद्यांनी दोन वेगवेगळ्या वेळी ठरवलेल्या या दोन रंगभाषा एकाच माणसाच्या हातात एकाच दिवशी येतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. त्यामागे अनेक कारणे होती आणि सगळा दोष लेबलावर टाकणे अन्यायाचे होईल. पण विषाची सूचना वाचता येण्याजोगी करणे हे दृश्यकलेचे काम आहे, आणि ते काम कोणत्याही कलाशाळेच्या अभ्यासक्रमात मध्यभागी नाही, याची मला खंत वाटते.

यावर चित्रकारांचा आक्षेप मला ऐकू येतो: कलाशाळा म्हणजे कारखान्यांना वेष्टने पुरवणारे खाते नव्हे; स्टुडिओतली वर्षे ही पाहायला, चुकायला आणि स्वतःची रेषा शोधायला दिलेली असतात. या आक्षेपातले दुसरे वाक्य मला पूर्ण मान्य आहे. पहिल्याला उत्तर बडोद्याचे आहे. स्वातंत्र्यानंतर लगेचच तिथल्या विद्यापीठात ललित कला विद्याशाखा उभी राहिली, ती महानगरात नव्हती. चित्रकला विभाग नारायण श्रीधर बेंद्रे यांनी घडवला, जे अस्सल चित्रकार होते. तिथेच शिकवणारे के. जी. सुब्रह्मण्यन १९५९ ते १९६१ या काळात अखिल भारतीय हातमाग मंडळावर डिझाइनचे काम करत होते, विणकरांसोबत बसत होते, पुढे विद्याशाखेच्या जत्रेसाठी खेळणी बनवत होते. त्याने त्यांची चित्रकला उणी झाली असे कुणी म्हणणार नाही. त्यांची भित्तिचित्रे आणि मृण्मय फलक त्या संगतीतूनच बळकट झाले. खुद्द या जिल्ह्यातही पुरावा आहे. भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नोंद सांची आणि भारहुतच्या दानलेखांत आहे. तिथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा जो भाग सापडला, त्याचे इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी इतके साम्य आहे की ती मूर्तीही याच परिसरात घडली असावी, असे काही अभ्यासक मानतात. व्यापारी मार्गावरच्या गावात बाजारासाठी केलेले ते काम होते, आणि ते आज संग्रहालयात कला म्हणून उभे आहे. या वारशाचा नुसता अभिमान बाळगून एकही विद्यार्थी घडणार नाही. पण बाजारासाठी घडवलेल्या वस्तूत कला राहत नाही, हा समज तरी त्याने सुटायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा, नोकरीचा. तो सर्वांत प्रामाणिक आहे. एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका घेऊन शाळेत लागण्याचा जुना मार्ग आक्रसला आहे, आणि चार वर्षांच्या बीएफएनंतर मुंबई-पुण्याच्या जाहिरात संस्थांत भाड्याच्या खोलीतून सुरुवात करणे प्रत्येक घराला परवडत नाही. म्हणूनच स्थानिक कामाशी नाते जोडणे ही मला चैन वाटत नाही. त्याला लागूनच नवा प्रश्न येतो: संगणकावर तयार साचे आहेत, कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटात पाकीट रंगवून देते, मग शिकायचे कशाला? साचा पाकीट सजवून देईल. वाचता न येणारी तारीख कुठे हलवायची, चष्मा घरी विसरलेल्या साठीतल्या शेतकऱ्याला लॉट क्रमांक कसा दिसेल, हे साच्याला कळत नाही, कारण त्यासाठी दुकानात उभे राहून पाहावे लागते. तिथे मराठीतून विचार करणारा विद्यार्थी वरचढ ठरतो. र. कृ. जोशी जे. जे.त शिकले, जाहिरात क्षेत्रात राहिले, आयडीसीत शिकवले आणि संगणकावर आज सर्रास दिसणारा मंगल हा टंक त्यांनी घडवला. देवनागरीची जाण ही त्यांची सर्वांत मोठी पुंजी होती. अशा जाणिवेच्या मुलाला डिझाइनच्या यूसीड या प्रवेश परीक्षेत मात्र इंग्रजी प्रश्नपत्रिका ओलांडून यावे लागते. चित्राचा कस पाहणाऱ्या परीक्षेने भाषेचा उंबरठा इतका उंच का ठेवावा, हे मला पटत नाही.

करता येण्याजोगे पुष्कळ आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या पदवीच्या चौकटीत फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक आले आहेत. उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याने हे श्रेयांक एखाद्या जाहिरात संस्थेत फाइली हलवून मिळवण्यापेक्षा खरिपाच्या तोंडावर जालन्यातल्या बियाणे दुकानांत, मोसंबीच्या बाजारात, रेशीम कोषांच्या लिलावात घालवलेल्या दिवसांतून मिळवावेत. चिठ्ठीचे रंग नियमांनी बांधलेले आहेत, ते विद्यार्थी बदलू शकत नाही. पण अक्षरांचा आकार, क्रम, मराठी शब्द आणि चित्रखुणा यांवर त्याला काम करता येते, आणि रंगांच्या घोळाबद्दल पुराव्यासह कृषी विभागाला लिहिताही येते. अडचण परीक्षेची येईल. भिंतीवर लावलेली सुबक मांडणी पाहून गुण देण्याची सवय असलेल्या बहिःस्थ परीक्षकाला इथे वेगळेच पाहावे लागेल: दहा शेतकऱ्यांच्या हातात पाकीट दिले तर किती जणांना मुदतीची तारीख सापडली आणि किती वेळात. विद्यापीठाच्या मूल्यमापनात हे बसवायला अभ्यास मंडळाला झगडावे लागेल. पण एका सत्रापुरते, एका वर्गापुरते ते साठ किलोमीटरवरच्या शासकीय महाविद्यालयाला पुढच्या जूनपासूनही करता येईल, आणि त्यासाठी नवी इमारत लागत नाही.