‘फिएस्को’: खुनाचा भाव आणि प्रजासत्ताकाचे मोल

फ्रीडरिख शिलरच्या ‘जिनोआतील फिएस्कोचा कट’ (१७८३) या ‘प्रजासत्ताकीय शोकांतिके’बाबत एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो: शेवटासंबंधी नाटककाराचे मन स्थिर का नाही? मुद्रित संहितेत वेरीना फिएस्कोला समुद्रात लोटतो. मानहाइमच्या १७८४ मधील रंगावृत्तीत फिएस्को सत्तेचा स्वखुशीने त्याग करून जिवंत राहतो. या दोलायमानतेचे मूळ शिलरच्या राजकीय संदिग्धतेत शोधण्यापेक्षा नाटकातील व्यवहारात शोधणे अधिक फलदायी ठरेल, असे येथे सुचवावयाचे आहे.

शिलरचे जिनोआ हे इतिहासातील जिनोआ नव्हे. इतिहासातील आंद्रेआ डोरिया कधीही डोजे नव्हता. नाटकात तो आहे. १५४७ मध्ये फिएस्को अपघाताने बुडून मेला. शोकांतिकेत योगायोगाला स्थान नाही, या भूमिकेतून शिलरने त्या मृत्यूचे हत्येत रूपांतर केले. या कल्पित व्यापारी प्रजासत्ताकात प्रत्येक गोष्टीला भाव आहे. जानेत्तिनो डोरिया फिएस्कोच्या खुनासाठी हसन नावाच्या मूराशी शंभर सुवर्णनाण्यांचा सौदा करतो. फिएस्को त्याच मारेकऱ्याला आपल्या पदरी ठेवतो. साक्को कटात येतो तो सावकारांच्या तगाद्यातून सुटण्यासाठी, काल्कान्यो फिएस्कोच्या पत्नीच्या अभिलाषेने. निवडणुकीत जानेत्तिनो विरोधी मताची गोळी तलवारीने भोसकतो आणि छिद्र पडले म्हणून ते मतच बाद ठरवतो. भ्रष्टाचार येथे संस्थेबाहेरून येत नाही. संस्थेच्याच नियमांची भाषा तो बोलतो.

या बाजारात दोनच कृती विक्रीबाहेरच्या दिसतात. मूर कट फोडतो तेव्हा आंद्रेआ त्याला बांधून फिएस्कोकडेच परत पाठवतो आणि त्या रात्री पहाऱ्यावाचून झोपण्याचे ठरवतो. दुसरी कृती वेरीनाची. तो मित्राची गुडघे टेकून विनवणी करतो आणि ती विफल झाल्यावरच त्याला मारतो. या हत्येला गिऱ्हाईक नाही, मोबदला नाही. मात्र जी हत्या प्रजासत्ताकाच्या नावाने होते ती प्रजासत्ताकाच्या हाती काहीच देत नाही: वेरीना शेवटी आंद्रेआकडे जावयास निघतो.

हा शेवट म्हणजे निव्वळ नैराश्य, असा आक्षेप घेता येईल. पण दुसऱ्या अंकातील प्रसंग विसरता येत नाही. फिएस्को कारागिरांच्या जमावाला प्राण्यांची एक कथा ऐकवतो आणि सिंहाच्या राज्याकडे त्यांचा कौल सहज वळवतो. नागरिक येथे श्रोते आहेत, कर्ते नाहीत. म्हणूनच दोन्ही शेवटांचा आशय एकच ठरतो. मानहाइमच्या रंगावृत्तीत स्वातंत्र्य एका उमरावाचे दान म्हणून मिळते. मुद्रित संहितेत दानशूर नाही, म्हणून ते मिळतच नाही. दान देता येते ते स्वतःच्या मालकीचे. ज्याला प्रजासत्ताक देऊन टाकता येते, त्याच्याकडे ते आधीच मालमत्ता म्हणून जमा झालेले असते.

राजकीय हत्येची नैतिकता तपासताना समीक्षा मारेकऱ्याच्या हेतूपाशी थांबते. शिलरची संहिता तिला पुढचा प्रश्न विचारावयास भाग पाडते: हेतू शुद्ध असला, तरी ती कृती आपली म्हणून स्वीकारणारा नागरिक कोठे आहे?