एकाच दिशेने धावणाऱ्या गाड्या : सापेक्ष वेगाच्या उदाहरणांची चिकित्सा
(खर्डी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

शालेय अंकगणितात, आणि त्याहूनही अधिक स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांमध्ये, ‘काळ, काम व वेग’ या प्रकरणास मानाचे स्थान आहे. त्यातील सापेक्ष वेगाची उदाहरणे सोडविण्यासाठी सहसा एकच सूत्र दिले जाते. दिशा विरुद्ध असल्यास वेगांची बेरीज करावी, दिशा एकच असल्यास मोठ्या वेगातून लहान वेग वजा करावा. सूत्राच्या अचूकतेविषयी वाद नाही. परंतु ते ज्या अटींवर उभे आहे त्या अटी अध्यापनातून गळून पडल्या आहेत. शहापूर तालुक्यातील खर्डीसारख्या रेल्वेमार्गावरील गावातून रेल्वे भरतीच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यासमोर ही उणीव विशेष ठळकपणे येते, कारण उदाहरणातील गाड्या त्याच्या रोजच्या पाहण्यातल्या असतात आणि तरीही त्या उदाहरणाप्रमाणे वागत नाहीत.

वजाबाकीचा अर्थ

हा नियम भारतीय गणितास नवा नाही. ‘आर्यभटीय’ (इ. स. 499) या ग्रंथाच्या गणितपादात दोन गतिमान पदार्थांच्या भेटीचा विचार आला आहे. विरुद्ध गतीत अंतरास वेगांच्या बेरजेने भागावे, समान दिशेत वेगांच्या फरकाने, असे आर्यभटाने सांगितले. मात्र येणारा भागाकार भेट होण्यास लागणारा काळ असेल किंवा भेट होऊन गेलेला काळ असेल, हेही त्याने नमूद केले. आजच्या मार्गदर्शिकांनी नेमका हाच उत्तरार्ध टाकून दिला आहे. पुढची गाडी ताशी 90 कि.मी. आणि मागची ताशी 54 कि.मी. वेगाने जात असल्यास मागची तिला कधीही गाठणार नाही. पण ‘मोठ्यातून लहान वजा’ एवढेच पाठ असलेला विद्यार्थी येथेही निःशंकपणे उत्तर काढतो. सूत्र पाठ असते, कोण कोणाच्या मागे आहे हा प्रश्न त्याच्या मनात येतच नाही.

वजाबाकी का करायची हे समजावून देण्यास घरातले पंचांग पुरेसे आहे. चंद्र दिवसाला सरासरी सुमारे 13.18 अंश पुढे सरकतो, सूर्य सुमारे 0.99 अंश, आणि दोघांची दिशा एकच. म्हणजे चंद्र सूर्यापासून रोज सुमारे 12.19 अंशांनी पुढे जातो. दोघांमध्ये 12 अंशांचे अंतर वाढले की एक तिथी पूर्ण होते. चंद्राला स्वतःची प्रदक्षिणा करण्यास सुमारे 27.32 दिवस लागतात, पण एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे 29.53 दिवस जातात (360 भागिले 12.19). हे दोन-सव्वादोन दिवस जास्त का लागतात? चंद्र फिरून येईपर्यंत सूर्यही पुढे सरकलेला असतो म्हणून. सापेक्ष वेगाचा इतका चांगला धडा उपलब्ध असताना तो गणिताच्या तासाला क्वचितच पोहोचतो, हे आश्चर्यच आहे.

खर्डीच्या फलाटावरून

आता गाड्यांकडे वळू. लोकलची लांबी 260 मीटर व वेग ताशी 54 कि.मी., मेल गाडीची लांबी 540 मीटर व वेग ताशी 90 कि.मी. असे मानले, तर वेगांतील फरक ताशी 36 कि.मी., म्हणजे सेकंदाला 10 मीटर. दोन्ही लांब्यांची बेरीज 800 मीटर, म्हणून मेल 80 सेकंदांत लोकलला पूर्णपणे ओलांडेल. उत्तरपत्रिका येथे संपते. परंतु या 80 सेकंदांत मेल गाडी रुळावर प्रत्यक्षात 2 किलोमीटर धावलेली असते. तेवढ्या अंतरावर दोन समांतर मार्ग असल्याखेरीज हे ओलांडणे घडूच शकत नाही. ‘समांतर रुळांवरून’ हे दोन शब्द काही उदाहरणांत असतात, बहुतेकांत नसतात.

कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत दीर्घकाळ एक अप आणि एक डाऊन असे दोनच मार्ग राहिले. तिसऱ्या मार्गाची योजना त्यानंतरची. अशा मार्गावर मागून येणारी मेल लोकलला धावता धावता ओलांडू शकत नाही. लोकल एखाद्या स्थानकात बाजूच्या रुळावर घेतली जाते, मेल निघून जाते, मग सिग्नल मिळतो. लोकल उभी असल्याने फरक काढण्याचा प्रश्नच उरत नाही. तेच 800 मीटर मेल 32 सेकंदांत पार करते. प्रवाशाला मात्र कितीतरी अधिक वेळ थांबावे लागते, कारण रूळ बदलणे आणि सिग्नल मिळणे या गोष्टी त्या सूत्रात नाहीत.

म्हणून सूत्र निरुपयोगी ठरते का? उलट, त्याचा खरा उपयोग येथेच दिसतो. समजा, लोकल सरासरी ताशी 45 कि.मी. वेगाने कल्याणहून सुटली आणि 16 मिनिटांनी ताशी 75 कि.मी. वेगाची मेल निघाली. तोवर लोकल 12 कि.मी. पुढे गेलेली असते. ताशी 30 कि.मी.च्या फरकाने हे अंतर 24 मिनिटांत भरून निघते, म्हणजे गाठ कल्याणपासून 30 कि.मी.वर पडते. ही जागा वासिंद आणि आसनगाव यांच्या मधली आहे, दोन स्थानकांच्या मधल्या रुळावरची. तेथे कोणतीही गाडी बाजूला घेता येणार नाही. लोकल त्याआधीच, तशी सोय असलेल्या स्थानकावर थांबवावी लागेल. शिवाय दोन गाड्यांत सिग्नलचे अंतर राखायचे असल्याने निर्णय आणखी अलीकडे घ्यावा लागेल. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात काळ आणि स्थानके दाखविणाऱ्या आलेखावर तिरप्या रेषा ओढून हेच केले जाते. जिथे दोन रेषा छेदतात तिथे अडचण आहे, एवढे आलेख सांगतो.

जाता जाता एक गोष्ट. कसारा घाटाच्या 1:37 चढावर गाडीला मागून जोडली जाणारी बँकर इंजिने गाडीच्याच वेगाने, त्याच दिशेने जातात. वेगांतील फरक शून्य, म्हणून अंतर कधीच बदलत नाही. शून्याने भागण्याचा निषेध फळ्यावर लिहिण्यापेक्षा हे उदाहरण अधिक बोलके आहे.

आक्षेप असा घेतला जाईल की परीक्षेत एका प्रश्नास मिनिटभरही मिळत नाही, तेथे एवढा विचार कोण करणार. रेल्वे भरतीच्या परीक्षांत चुकीच्या उत्तरास एक तृतीयांश गुण वजा होतात हेही खरे आहे. पण घाईत होणारी चूक आकडेमोडीपेक्षा ओळखण्यात अधिक होते. कोण पुढे, कोण मागे, कोणाची लांबी धरायची, फलाट धरायचा की नाही? हे प्रश्न ज्याने कसारा लोकलमध्ये उभे राहून मेल जाताना पाहिली आहे, त्याला वर्गात एकदा विचारले गेले असते, तर परीक्षेत ते नव्याने सुचावे लागले नसते.